तारीख चुकते, एकादशी चुकत नाही

लेखमाला : आठवण आणि इतिहास (भाग सहावा)

कुटुंबातल्या आठवणी पिढ्यांगणिक कशा बदलत जातात, ते आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. या वेळी एकाच दिवसाकडे वळू. सगळ्या देशाने तो एकदम अनुभवला, पण प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी उभं राहून. अशा दिवसाची सामान्य माणसाची आठवण कितपत खरी असते? आणि ती खरी नसेल, तर तिचं करायचं काय?

१४ फेब्रुवारी २०१९, गुरुवार. केंद्रीय राखीव पोलीस दलाचा, म्हणजे सीआरपीएफचा, ७८ वाहनांचा ताफा जम्मूहून श्रीनगरकडे चालला होता. बर्फामुळे महामार्ग काही दिवस बंद राहिला होता, त्यामुळे अडीच हजारांहून अधिक जवान एकाच ताफ्यात होते. सुटी संपवून कामावर परतणारे त्यांत पुष्कळ होते. दुपारी सव्वातीनच्या सुमारास पुलवामा जिल्ह्यातल्या लेथपोरा इथे स्फोटकांनी भरलेली गाडी एका बसवर आदळवण्यात आली. ४० जवान गेले. जैश-ए-मोहम्मद या संघटनेने हल्ल्याची जबाबदारी घेतली.

त्या चाळिसांत महाराष्ट्राचे दोघे होते आणि दोघेही बुलढाणा जिल्ह्याचे. मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. आपल्या जिल्ह्याच्या भाषेत सांगायचं तर एक घाटाखालचा, एक घाटावरचा. मलकापूर मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरचं, पूर्णेच्या सपाटीतलं बाजारपेठेचं गाव. चोरपांग्रा दुसऱ्या टोकाचं खेडं. एरवी या दोन भागांचा रोजचा संबंध कमीच. त्या आठवड्यात मात्र दोन्हीकडे एकच घर झालं होतं.

एक घटना, तीन दिवस

देशातल्या बहुतेक लोकांसाठी पुलवामा ही एका दिवसाची घटना आहे. बुलढाण्यात ती तीन दिवसांची आहे, आणि इथल्या आठवणी समजून घ्यायच्या तर हा फरक आधी ध्यानात घ्यायला हवा.

गुरुवारी बातमी आली ती आकड्याची. संध्याकाळभर टीव्हीवर तो आकडा वाढत होता. काश्मीर लांब होतं, दुःख होतं, संताप होता, पण चेहरा नव्हता. शुक्रवारी, १५ तारखेला, सगळीकडे नावं होती. त्या संध्याकाळी दिल्लीच्या पालम विमानतळावर तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या ओळीने ठेवलेल्या देशाने पाहिल्या. आपल्या जिल्ह्याने त्यांत आपल्या दोन शोधल्या. शनिवारी, १६ तारखेला, पार्थिवं औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावर आली आणि त्याच दिवशी मलकापुरात व चोरपांग्र्यात शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. दोन्ही गावांत माणसांचा समुद्र लोटला होता.

आकडा, नाव आणि देह असे हे तीन टप्पे. आज जिल्ह्यात कुणाला विचारलं की ‘पुलवामाच्या दिवशी तुम्ही कुठे होता?’, तर उत्तर देणारा या तिघांपैकी कोणत्या दिवसाबद्दल बोलतोय, हे बऱ्याचदा त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. तीन दिवस मनात एकावर एक बसून एकच दिवस झालेला असतो.

एका निवृत्त शिक्षकांचं उदाहरण देतो. त्यांच्या सांगण्यानुसार, सकाळी प्रार्थनेच्या वेळी बातमी कळली, मुलांना रांगेतच उभं ठेवून दोन मिनिटं मौन पाळलं, आणि त्यानंतर त्यांना फळ्यावर तारीख लिहवली नाही. “गुरुवार होता, १४ तारीख,” असं ते ठामपणे सांगतात. पण हल्ला झाला दुपारी सव्वातीनला. गुरुवारच्या सकाळी ही बातमी जगात कुणाकडेच नव्हती. ते मौन शुक्रवारचं असणार. सर खोटं बोलत नाहीत. मौन खरं, रांग खरी, फळ्यासमोर थबकलेला हात खरा. फक्त शुक्रवारची सकाळ सरकून गुरुवारवर जाऊन बसली आहे, कारण देशाच्या पंचांगात दुःखाची तारीख १४ अशी नोंदली गेली आहे.

अभ्यासक काय सांगतात

या प्रकारच्या आठवणींचा अभ्यास सव्वाशे वर्षांहून जुना आहे. अब्राहम लिंकन यांच्या हत्येला तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर, १८९९ साली, कोलग्रोव्ह या अमेरिकी अभ्यासकाने १७९ जणांना विचारलं होतं की ती बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता. त्यांपैकी १२७ जणांनी जागा, वेळ, सांगणारा माणूस यांसह उत्तरं दिली. १९७७ साली रॉजर ब्राऊन आणि जेम्स कुलिक या मानसशास्त्रज्ञांनी केनेडी यांच्या हत्येच्या आठवणी तपासल्या आणि अशा स्मृतीला ‘फ्लॅशबल्ब मेमरी’ असं नाव दिलं. त्यांचं म्हणणं असं की, धक्का मोठा असला की मेंदू त्या क्षणाची सगळी बारीकसारीक माहिती एकदम पक्की करून ठेवतो.

हे म्हणणं पटण्यासारखं होतं. पण त्यात एक अडचण होती. लोकांनी सांगितलेलं खरं की खोटं, हे ताडून पाहायला जवळ काहीच नव्हतं.

ती सोय उलरिक नायसर आणि निकोल हार्श यांनी केली. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अंतराळयानाचा स्फोट झाला. दुसऱ्याच दिवशी सकाळी नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कुठे, केव्हा, कुणाकडून कळली. अडीचेक वर्षांनी त्यांपैकी ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. जागा, सोबतचे लोक, बातमीचं साधन अशा मुद्द्यांवर सातपैकी गुण दिले. सरासरी तीनच्याही खाली आली. पैकीच्या पैकी गुण मिळाले अवघ्या तिघांना, तर ११ जणांना शून्य. आणि खात्री? ती भरपूर होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला तरी कुणाची मूळ आठवण परत आली नाही.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर जेनिफर टॅलारिको आणि डेव्हिड रुबिन यांनी आणखी एक गोष्ट केली. हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ५४ विद्यार्थ्यांकडून दोन आठवणी लिहून घेतल्या, एक बातमी कळल्याची आणि एक त्याच सुमाराच्या अगदी साध्या प्रसंगाची. काही आठवड्यांनी आणि महिन्यांनी दोन्ही पुन्हा विचारल्या. दोन्ही सारख्याच वेगाने बिघडल्या होत्या. फरक एवढाच, की साध्या प्रसंगाबद्दल माणूस म्हणायचा, ‘नीट आठवत नाही’. हल्ल्याबद्दल मात्र तो छातीठोकपणे सांगायचा. मोठ्या दुःखामुळे आठवण अधिक अचूक होत नाही, तिच्यावरचा आपला विश्वास तेवढा टिकून राहतो.

विल्यम हर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच हल्ल्याच्या आठवणींचा दहा वर्षं पाठपुरावा केला. त्यांतून दिसलं की मोडतोड होते ती बहुतेक पहिल्या वर्षात. त्यानंतर आठवण जशी असेल तशी घट्ट होते, मग ती बरोबर असो वा चूक. दुसरंही एक दिसलं. घटनेबद्दलच्या चुका हळूहळू दुरुस्त होतात, कारण वर्तमानपत्रं आणि टीव्ही ते तपशील पुन्हा पुन्हा सांगत राहतात. पण आपण स्वतः तेव्हा कुठे होतो, ही चूक दुरुस्त करायला कुणीच येत नाही.

आपल्याकडेही तेच घडतं. चाळीस हा आकडा आणि लेथपोरा हे नाव दरवर्षी १४ फेब्रुवारीला टीव्ही आपल्याला आठवून देतो. आपण तेव्हा हरभरा सोंगत होतो की मोंढ्यात होतो, हे कोण आठवून देणार?

पाहिलेलं आणि पाहिल्यासारखं वाटलेलं

या सगळ्यात मोबाइलची भर पडली. ३० जानेवारी १९४८ ची गांधीहत्येची बातमी खेड्यापाड्यांत रेडिओ असलेल्या मोजक्या घरांतून, आणि मग तोंडोतोंडी पोहोचली. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींवर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या, पण आकाशवाणीने मृत्यूची बातमी दिली ती संध्याकाळी. बीबीसी लावणाऱ्यांना ती आधी कळली होती. त्या पिढीची आठवण कानाची आहे. एखाद्या आवाजाची, किंवा धावत आलेल्या शेजाऱ्याची.

२०१९ ची आठवण डोळ्यांची आहे, आणि तिथेच धोका आहे. हल्ल्यानंतर दोनच दिवसांत खोटी छायाचित्रं इतकी फिरू लागली की, जवानांच्या देहाचे म्हणून पसरवले जाणारे फोटो बनावट आहेत, ते पुढे पाठवू नका, असं सीआरपीएफलाच जाहीर सांगावं लागलं. दुसऱ्या देशांतल्या जुन्या स्फोटांचे व्हिडिओही ‘पुलवामाचा स्फोट’ म्हणून घरोघरी पोहोचले. आज कितीतरी जण सांगतात की स्फोट आपण ‘प्रत्यक्ष व्हिडिओत’ पाहिला.

यात आपली माणसं वेगळी नाहीत. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी ॲमस्टरडॅममध्ये एक मालवाहू विमान निवासी इमारतींवर कोसळलं. विमान आदळतानाचं चित्रीकरण कुणीच केलेलं नव्हतं. तरीही काही महिन्यांनी डच संशोधकांनी लोकांना विचारलं, ‘तुम्ही ते चित्रीकरण टीव्हीवर पाहिलं का?’, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांनी ‘हो’ सांगितलं. ऐकलेलं, वाचलेलं, कल्पनेत उभं केलेलं, सगळं मिळून मनाने एक चित्र तयार केलं होतं. आपल्याकडे तर मनाला तेवढेही कष्ट पडले नाहीत. चित्र तयार होऊनच हातात आलं.

मग भरवसा कशावर ठेवायचा?

आता याच्या उलट बाजूचं उदाहरण. घाटावरच्या एका खेड्यातल्या आजी. वय ऐंशीच्या पुढे. त्यांना २०१९ हे साल सांगता येत नाही, फेब्रुवारी की मार्च हेही नाही. अंत्यदर्शनाला शेजारच्या गावांतून माणसं कशी लोटली होती, याबद्दल बोलताना त्या सहज म्हणाल्या, “त्या दिशी एकादस होती ना बापा. साबुदाना भिजवेल होता सकाई. पन कोनाच्या नरड्याखाली उतरला नाही. तसाच गाईले टाकला.”

पंचांग काढून पाहा. १६ फेब्रुवारी २०१९ ला माघ शुद्ध एकादशी होती. तारीख न सांगता येणाऱ्या आजींनी दिवस अचूक सांगितला, आणि तारीख छातीठोक सांगणाऱ्या सरांचा दिवस चुकला.

हा योगायोग नाही. सरांची आठवण घटनेच्या तारखेला बांधलेली आहे, आणि ती तारीख बाहेरून, वर्षानुवर्षांच्या स्मृतिदिनांमधून, त्यांच्याकडे आलेली आहे. आजींची आठवण त्यांच्या स्वतःच्या दिनक्रमाला बांधलेली आहे. उपास, भिजवलेला साबुदाणा, गाय. या गोष्टी टीव्हीने सांगितलेल्या नाहीत, त्यामुळे टीव्हीने बदललेल्याही नाहीत. शिवाय एकादशीची नोंद पंचांगात आहे, म्हणजे ती तपासता येते.

मौखिक इतिहास टिपणाऱ्यांना या कामाचा इथेच धडा मिळतो. माणसाला तारीख विचारू नका. त्या दिवशी घरात, शेतात, गावात काय चाललं होतं ते विचारा. आपल्या जिल्ह्यात असे खुंटे भरपूर आहेत. त्या वर्षी बारावीची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली. म्हणजे कुणी ‘पेपर देऊन आलो आणि बातमी कळली’ म्हणत असेल, तर ती बहुधा वेगळी बातमी आहे. शेगावला गजानन महाराजांचा प्रकटदिन २५ फेब्रुवारीला होता आणि बालाकोटचा हवाई हल्ला २६ च्या पहाटेचा. ‘तीन-चार दिवसांत बदला घेतला’ असं पुष्कळांना वाटतं; प्रत्यक्षात मध्ये बारा दिवस गेले. पण शेगावहून दर्शन करून परतताना वाटेत हवाई हल्ल्याची बातमी ऐकली, असं जो सांगेल, त्याची आठवण पंचांगाशी जुळते. १६ तारखेला पंतप्रधानांची यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याला सभा होती. ज्यांची त्या दिवशी तिकडे बंदोबस्ताची ड्युटी होती, त्यांना तो शनिवार कधीच विसरता येणार नाही. गावचा बाजार कोणत्या वारी भरतो, कुणाच्या घरी लग्न होतं, एसटीची कोणती फेरी रद्द झाली, अशा एकेका गोष्टीला धरून आठवण तिच्या खऱ्या जागी आणता येते.

चुकलेली आठवणसुद्धा पुरावा असते

कुणी विचारेल, एवढी मेहनत कशाला? घटना काय घडली हे सरकारी कागदांत आहे. राष्ट्रीय तपास यंत्रणेने ऑगस्ट २०२० मध्ये १९ जणांविरुद्ध हजारो पानांचं आरोपपत्र दाखल केलं. हल्ल्यानंतर आठवडाभरात केंद्र सरकारने निमलष्करी दलांच्या सर्व जवानांना दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर मार्गांवर विमानाने जाण्याची मुभा दिली. राज्य सरकारने दोन्ही कुटुंबांना प्रत्येकी ५० लाख रुपयांची मदत जाहीर केली. हे सगळं नोंदलेलं आहे.

पण ताफ्यात काय घडलं हे सांगणाऱ्या कागदात जिल्ह्यात काय घडलं ते नाही. मलकापूरच्या बाजारपेठेतली शटरं कुणी न सांगता कशी खाली आली, हरभऱ्याच्या शेतात विळे घेऊन बसलेल्या बायांपर्यंत बातमी कुणी नेली, ज्यांची मुलं त्या वेळी सीमेवर किंवा काश्मिरात नोकरीला होती त्या आयांनी फोन लागेपर्यंत काय केलं, हे कोणत्याही आरोपपत्रात येणार नाही. आपल्या भागात सैन्यात आणि निमलष्करी दलांत पोरं पाठवणारी गावं कितीतरी आहेत. त्या दोन-तीन दिवसांत अशा प्रत्येक घरात श्वास रोखून धरलेला होता. तो इतिहास फक्त आठवणीतच आहे.

आणि चूकही काही सांगते. सरांच्या मनात शुक्रवार गुरुवारवर का सरकला, याचं उत्तर त्या चुकीतच आहे: शाळेतलं ते मौन आणि काश्मीरमधला तो स्फोट त्यांच्यासाठी वेगळे राहिले नाहीत. म्हणून टिपताना चूक दुरुस्त करू नये. जसं सांगितलं तसं लिहावं, आणि पडताळणी बाजूला वेगळी नोंदवावी. दोन्ही राहू द्यावं.

पुलवामाच्या बाबतीत मातीचीही एक नोंद झाली आहे. मूळचे महाराष्ट्रातले आणि बंगळुरूत राहणारे संगीतकार उमेश गोपीनाथ जाधव यांनी शहीद जवानांच्या घरोघरी जाऊन तिथली माती गोळा केली. त्यासाठी त्यांनी सुमारे ६१ हजार किलोमीटरचा प्रवास केला, आणि १४ फेब्रुवारी २०२० रोजी लेथपोरा इथल्या स्मारकाच्या उद्घाटनाला तो कलश सुपूर्द केला. चाळीस घरांची माती एका कलशात आली. त्या चाळीस गावांनी ते दिवस कसे काढले, याची नोंद अजून अशी एकत्र आलेली नाही. निदान आपल्या वाट्याच्या दोन गावांची आणि त्यांच्या जिल्ह्याची तरी आपण करू शकतो.

कसं टिपायचं?

यासाठी विद्यापीठ लागत नाही. एक वही आणि थोडा संयम पुरतो. काही पथ्यं मात्र पाळावी लागतात.

एका वेळी एकाच माणसाशी बोला. चारजण एकत्र बसले की सगळ्यांत मोठ्याने बोलणाऱ्याची आठवण सगळ्यांची होते. ‘टीव्हीवर पाहिलंत ना?’ असा उत्तर सुचवणारा प्रश्न टाळा. ‘तुम्हाला कसं कळलं?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. सहा गोष्टी पुरेत: कुठे होता, काय करत होता, कुणाकडून कळलं, कशातून कळलं, लगेच काय केलं, त्या दिवशी घरात किंवा गावात आणखी काय होतं. बोली जशीच्या तशी ठेवा, वऱ्हाडीचं पुस्तकी मराठी करू नका. वर बोलल्याची तारीख लिहा. आठवण कोणत्या वर्षी सांगितली हेही पुढच्या अभ्यासकाला लागेल. मग पंचांग, शाळेचं हजेरीपत्रक, ग्रामपंचायतीचं इतिवृत्त, तालुक्याच्या वाचनालयातले त्या आठवड्याचे अंक यांच्याशी ताडून पाहा.

ज्यांच्या अंगणात ते दोन देह आले त्या कुटुंबांना मात्र यासाठी पुन्हा पुन्हा विचारू नका. त्यांना स्वतःहून सांगावंसं वाटलं तर ऐका. त्यांनी तो दिवस आपल्यापेक्षा फार वेगळा जगला आहे, आणि दरवर्षी १४ फेब्रुवारीला माइक घेऊन दारात येणारे लोक त्यांनी पुरेसे पाहिले आहेत. आपल्याला टिपायची आहे ती बाकीच्या जिल्ह्याची आठवण, जी कुणी विचारलीच नाही.

२०१९ साली दहावीला असलेली मुलं आज नोकरीधंद्याला लागली आहेत, आणि तेव्हाची ऐंशीच्या घरातली माणसं एकेक करून जात आहेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या शिक्षकांना, वाचनालयांच्या कार्यकर्त्यांना आणि महाविद्यालयीन मुलामुलींना माझी विनंती आहे: येत्या सुटीत प्रत्येकाने आपल्या घरातल्या किंवा गल्लीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाची आठवण लिहून काढा, आणि तिची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा. पुढच्या आठवड्यात १ जुलै २०२३ च्या रात्रीबद्दल लिहीन. सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गावर बस पेटून २५ प्रवासी गेले, तेव्हा मदतीला धावलेल्यांच्या आठवणी पोलीस पंचनाम्याहून वेगळं काय सांगतात, ते त्यात पाहू.